आसामो टिंदासी प्रसन्न

किस्से जमवावे लागतात म्हणे. मला कधीच जमवावे लागले नाहीत. ते दर रविवारी स्वतःच्या पायांनी माझ्या घरी यायचे, दारात चपला काढायचे आणि "वहिनी, चहा!" म्हणून ओरडायचे.

माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत गेले. उपयोगाचे नाहीत, पण टाकायला निघालं की कोणीतरी आडवं येतं. हल्ली शाळेतल्या मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "ते तुमच्या मंडळाचं सांग ना!" त्यांचं काय जातं? त्या हसतात आणि घरी जातात. मी त्यात दहा वर्षं काढली आहेत!

*

आम्ही अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. हे इथल्याच एका कारखान्यात मेकॅनिक, मी शाळेत मास्तरीण. ऐंशीच्या दशकात घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला आणि माझा रविवार गेला.

रविवारी सकाळी 'सप्तर्षी यान' नावाची हिंदी मालिका लागायची. अंतराळात वाट चुकलेलं एक यान घरचा रस्ता शोधतंय. यानात एक कॅप्टन, एक डॉक्टरीणबाई, एक पत्र्याचा रोबो आणि वाटेत कुठल्याशा ओसाड ग्रहावर सापडलेला ओंबू. ओंबू परग्रहावरचा. टक्कल, तोंडाला चंदेरी रंग आणि डोळे असे, की कोणी रागावून बोललं तर आत्ता रडेल. त्यालाही घरी जायचं असायचं. यानातल्या सगळ्यांत मला तेवढा एकच शहाणा वाटायचा.

ही मालिका बघायला दोन माणसं ठरलेली. एक कुलकर्णी, बँकेतले अधिकारी. यांचं प्रत्येक वाक्य "शास्त्रीयदृष्ट्या" या शब्दाने सुरू व्हायचं, मग विषय चंद्राचा असो की चहातल्या साखरेचा. दुसरा म्हात्रे, बदलापूर गावचा. घरची दुभती जनावरं. येताना किटलीभर दूध आणायचा, म्हणून त्याला मी कधी काही बोलू शकले नाही.

एका रविवारी यानावर हल्ला झाला. दिवे लुकलुकतायत, धूर निघतोय, कॅप्टन कसलीशी चाकं फिरवतोय. तिघे श्वास रोखून बसलेले. मी चहा घेऊन आले आणि सहज बोलून गेले, "अय्या, भिंतीवर इडलीपात्र लावलंय!"

होतंच ते! चार खळग्यांचं, उभं टांगलेलं.

कुलकर्णी म्हणाले, "वहिनी, शास्त्रीयदृष्ट्या तो ऊर्जा-परावर्तक आहे." म्हात्रेने मान खाली घातली. यांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं. दोन दिवसांनी बोलले तेव्हा म्हणाले, "यापुढे आपल्या घरात इडल्या होणार नाहीत."

*

पुढे मालिकेचा एक भाग असा आला, की तो शेवटचा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या भागात ओंबू यानाच्या खिडकीशी उभा राहतो. बाहेर काळोख. एरवी हिंदी बोलणारा ओंबू पहिल्यांदाच स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलतो. एकच वाक्य. ते यंत्रातून असं घुमवलं होतं, की विहिरीत बादली पडल्यासारखं ऐकू आलं. आमच्या टीव्हीचा स्पीकर आधीच खरखरता. तिघांनी मिळून जे पकडलं ते असं:

"याबीपाडे वारेवट आहे, आसामो टिंदासी."

ओंबूच्या डोळ्यांत पाणी. नावांच्या पाट्या सरकायला लागल्या. आणि पुढच्या रविवारी तिघे येऊन बसले तर त्या जागी दातांची निगा कशी राखावी यावर कार्यक्रम! मालिका बंद. का, ते कोणी सांगितलं नाही. यान घरी पोचलं की नाही? ओंबू पोचला की नाही? तो शेवटी काय बोलला?

आमचे हे त्या दात घासायच्या कार्यक्रमाकडे बघत बसून राहिले. मग म्हणाले, "असं अर्ध्यात कसं सोडतात गं माणसाला?"

त्या क्षणी मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. तिथेच मी फसले, कारण त्याच दुपारी माझ्या घरात 'सप्तर्षी मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष आमचे हे, आणि तेव्हापासून अख्खं अंबरनाथ त्यांना कॅप्टन म्हणायला लागलं. मंडळाचा उद्देश एकच: ओंबू काय बोलला ते शोधून काढणे.

पहिल्याच बैठकीत कॅप्टननी बॉम्ब टाकला. "वाक्यात 'आहे' आहे! ऐकलंत ना? स्पष्ट 'आहे'! ओंबू मराठी आहे!"

कुलकर्णी विचारात पडले. म्हात्रे मात्र ठाम होता. "मराठी असंल, पन आमच्याकरचा नाय. आमचा असता तं 'हाय' बोल्ला असता. 'आहे' बोलतो म्हंजे पुन्याचा हाय!"

*

मंडळ म्हटलं की गणवेश आला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये लच्छू नावाचा सिंधी टेलर होता. रविवार त्याचा धंद्याचा दिवस, त्यामुळे त्याने ती मालिका एकदाही बघितली नव्हती. कॅप्टननी त्याला ओंबूच्या ग्रहाचा पोशाख समजावून सांगायला दुपार घालवली. लच्छू टेप गळ्यात टाकून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साब, सब ठीक है. पँट में चेन डालूँ के बटन?"

कापड त्यानेच काढून दिलं, छत्र्यांचं अस्तर, चंदेरी. "साब, इसमें हवा नहीं जाएगी," असं तीनदा बजावलंसुद्धा. हे लोक ऐकतात? मे महिन्यात, भर दुपारी, स्टेशनबाहेर गणवेशात फोटो काढायचा बेत ठरला. फोटोवाल्याने "स्माइल" म्हणेपर्यंत कुलकर्णी आडवे!

रसवंतीवाल्याने बर्फ आणून डोक्यावर धरला. शुद्धीवर येताच कुलकर्णी पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"शास्त्रीयदृष्ट्या, हे कापड उत्तम आहे."

लच्छूच्या दुकानात हे तिघे एकमेकांना नमस्काराऐवजी "आसामो टिंदासी!" म्हणायचे. हळूहळू लच्छूही म्हणायला लागला. एकदा मी ब्लाउज टाकायला गेले तर मलाही म्हणाला, "आसामो टिंदासी, भाभी!"

मी म्हटलं, "लच्छूभाई, तुम भी?"

तो म्हणाला, "क्या करूँ भाभी, गिऱ्हाईक की भाषा बोलनी पडती है. वैसे बहोत शुद्ध मराठी है ये, नहीं?"

मी काय सांगणार कपाळ!

*

एका वर्षी कॅप्टनच्या डोक्यात आलं, चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या वस्तीतर्फे यानाचा चित्ररथ काढायचा. टेम्पो ठरवला, पुठ्ठे आणले, माझी सुती साडी नेऊन तिचा म्हणे अग्निलोळ केला. परवानगी काढायला माझ्या सासऱ्यांसमोर गेले. सासरे वस्तीतले जुने कार्यकर्ते, बोलणं मोजकं. त्यांनी पुठ्ठ्याच्या यानाभोवती एक चक्कर मारली.

"आपल्याला काय सांगितलंय?"

"शिका, म्हणून."

"मग? 'उडा' असं कुठं सांगितलंय?"

चित्ररथ रद्द झाला. साडीला भोकं पडली ती पडलीच.

*

म्हात्रेचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला त्याने उल्हासनगरच्या एका छापखान्यात टाकली आणि मित्रांना खूश करायचं म्हणून मजकुराच्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'आसामो टिंदासी'. छापणाऱ्या माणसाला वाटलं, वर लिहिलंय म्हणजे कुलदैवतच असणार. पत्रिका छापून आल्या. सगळ्यात वर, मधोमध, ठसठशीत:

॥ श्री आसामो टिंदासी प्रसन्न ॥

पत्रिका गावभर वाटून झाल्यावर हे लक्षात आलं. बदलापूर गावात एकच चर्चा. "म्हात्र्यांची देवी बदलली वाटतं!" "नाय गं, नवरीच्या मायेरची असंल!" आणि नवरीकडचे लोक गप्प, कारण त्यांना वाटलं ही मुलाकडची जागृत देवी.

म्हात्रेच्या आत्याबाईंचे गुडघे वर्षभर दुखत होते. त्यांनी कोणाला न सांगता टिंदासीला नारळ बोलला. लग्नात त्या नाचल्या! मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई नारळ घेऊन आमच्या दारात हजर. "पोरी, देवी तुमच्याकरं बसवलीय ना? कुठं फोरू नारल?"

मी त्यांना टीव्हीपाशी नेलं. दुसरं काय करणार?

*

मग मंडळ फुटलं. मराठी माणसं, चार वर्षं एकत्र टिकली हेच खूप झालं.

झालं असं, की कुलकर्ण्यांनी वाक्याचा अर्थ लावला. 'वारेवट' म्हणजे वाऱ्याची वाट. सबब ओंबू सौर वाऱ्याबद्दल बोलत असून यान नष्ट झालेलं आहे. कॅप्टन चवताळले. "ओंबू घरी पोचलाय!" "पुरावा?" "त्याच्या डोळ्यांत पाणी होतं!" "शास्त्रीयदृष्ट्या ते ग्लिसरीन होतं!"

एवढं बोलणं झाल्यावर समेट कसला होतो? दोन मंडळं झाली. म्हात्रे दोन्हीकडे, कारण दूध दोन्हीकडे लागायचं.

फुटले तर फुटले, मी मनात म्हटलं, अर्धा चहा तरी वाचेल. कसलं काय! कुलकर्ण्यांच्या घरी त्यांच्या बायकोने यांना काय, म्हात्रेलाही कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्यामुळे दोन्ही बैठका माझ्याच घरी. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात! आतले लोक बाहेरच्यांशी बोलत नसत. "वहिनी, बाहेरच्या अध्यक्षांना सांगा, पंखा आमच्याकडे लागत नाही." आणि मी मधल्या दारात उभी, वह्यांचे गठ्ठे तपासायचे राहिलेले, निरोप पोचवतेय.

एका रविवारी मी दोन्ही खोल्यांच्या मधोमध उभी राहून सांगितलं, "मला कुकर लावायचाय. ओंबू मेला असो की जिवंत, दोन्ही मंडळांनी गॅलरीत जावं!"

गॅलरी अरुंद. खांद्याला खांदा लागला आणि समेट झाला.

*

पाण्यासारखी वर्षं गेली. कलर टीव्ही आले, केबल आलं, परदेशातली चकचकीत यानं दिवसभर उडायला लागली. लोक 'सप्तर्षी यान' विसरले. आमचे लोक विसरतील तर शपथ!

त्याच सुमारास पालेगावात शेतं जाऊन इमारती उठत होत्या. एका बिल्डरने जाहिरात लावली: उद्घाटनाला 'सप्तर्षी यान' मालिकेतील सुप्रसिद्ध कलाकार! नाव नाही, काही नाही. कॅप्टनना खात्रीच, ओंबू येतोय. तिघे गणवेश घालून गेले. मलाही नेलं, हार धरायला.

मंचावर एक धिप्पाड गृहस्थ. ओंबू तर नव्हताच. यानाचा कॅप्टनही नव्हता. म्हात्रेने धीर करून विचारलं, "साहेब, आपन कोन होता त्याच्यात?"

"रोबो."

आमच्या लोकांचे चेहरे फुलले. रोबो ओंबूच्या शेजारीच उभा असायचा!

"पूर्ण रोबो नाही," गृहस्थ म्हणाले. "वरचा भाग वेगळा माणूस करायचा. मी पाय."

कॅप्टननी तरीही हार घातला. "साहेब, शेवटच्या भागात ओंबू काय बोलला, तुम्ही ऐकलं असेल."

"मी पत्र्याच्या आत होतो हो! मला फक्त 'लेफ्ट-राइट' ऐकू यायचं."

परत येताना रिक्षात मी कॅप्टनकडे नीट बघितलं. गणवेश पोटाला घट्ट होत होता, केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता. मालिका होती ती." तर म्हणाले, "तुला माहितेय, कारखाना बंद पडायच्या गोष्टी चालल्यात. रोज कोणीतरी विचारतं, पुढे काय होणार? मला एका गोष्टीचा तरी शेवट कळू दे ना!"

इतकी वर्षं मी चिडले, पण हे मला माहीत नव्हतं.

पायवाल्या साहेबांनी जाताजाता एक चांगलं केलं होतं. ओंबूचा ठाण्याचा पत्ता सांगितला होता.

*

आता शेवटचा.

ओंबू यायला कबूल झाला. आमच्या शाळेचं सभागृह मीच मिळवून दिलं, मुख्याध्यापिकांच्या हातापाया पडून. गणवेश लच्छूने कमरेत सैल करून दिले, आणि या वेळी तो स्वतःही आला, सोबत आईला घेऊन. त्याची बायको माहेरी गेली होती, म्हातारीला घरी एकटं कसं ठेवायचं? फाळणीनंतर सिंधमधून ज्यांना आणून या कॅम्पात उतरवलं, त्यांतली ती अम्मा. दिसायचं कमी, म्हणून तिला पहिल्या रांगेत बसवली. तिला वाटलं सत्संग आहे. डोक्यावर पदर घेऊन हात जोडून बसली.

ओंबू आला. साधा बुशशर्ट, टक्कल तेच, डोळे तेच. मालिकेच्या पाट्यांमध्ये त्याचं नुसतं एका शब्दाचं फिल्मी नाव यायचं, आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं. शास्त्रीयदृष्ट्या प्रास्ताविकही झालं. मग कॅप्टन माइकपाशी गेले आणि दहा वर्षांचा प्रश्न विचारला. "सर, आखिरी एपिसोड में आपने क्या बोला था?"

ओंबू हसला. "अरे, उसका कोई स्क्रिप्ट नहीं था. डायरेक्टर बोला, घर की याद में कुछ बोल दो, किसी को समझ में नहीं आना चाहिए."

"फिर भी सर, एक बार! वैसा का वैसा!"

ओंबूने डोळे मिटले. माइक आमच्या शाळेचा, नेमका तेव्हाच बंद पडला. घुमणं नाही, खरखर नाही. तो नुसत्या आवाजात, सावकाश बोलला:

"चाबी पाडेवारे वट आहे. असां मोटी ईंदासीं."

टाळ्या! म्हात्रेने तर शिट्टी मारली. कॅप्टन आनंदाने ओरडले, "ऐकलंत? 'आहे'! मी काय म्हणत होतो? स्पष्ट 'आहे'!"

लच्छू मात्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तोंड उघडंच. "साब... ये मराठी नहीं है."

"मग?"

"ये तो सिंधी है, साब. हमारे में भी 'आहे' बोलते हैं." आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात म्हणाला, "भाभी, ये बोलता है, चाबी पडोसी के पास है. हम लौट के आएँगे."

ओंबूनेही ते ऐकलं.

"मेरे बाबा बोले थे," ओंबू म्हणाला. "ताला लगाते टाइम. मैं छोटा था. वही याद था, वही बोल दिया."

अम्माने जोडलेले हात सोडले. पदर मागे सारला आणि आवाजाच्या दिशेने मान वर केली. "पुट, गोठ कहिडो?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. मंचावरून खाली उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला, शालीसकट. ती त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिली. सिंधीत चाबीचं काहीतरी बोलली, थोडंच. त्यातलं शेवटचं, "असां जी बि," एवढं मलाही कळलं. आमचीपण.

मी डोळे पुसत होते. कुलकर्णी छताकडे बघत होते. म्हात्रेने गणवेशाच्या बाहीने नाक पुसलं, आणि त्या कापडाला काही पुसलं जात नाही.

आणि आमचे कॅप्टन! सगळं जग गप्प असताना हा माणूस चंदेरी कपड्यांत पुढे झाला आणि गुडघे टेकून अम्मासमोर बसला. मी मागून बाही ओढली, तरी विचारलंच.

"अम्मा, फिर... वो घर पहुँचा के नहीं?"

लच्छूने तिला सिंधीत समजावून सांगितलं. अम्माने ओंबूच्या डोक्यावरचा हात काढला नाही. थोडा विचार केला.

"पहुँचा ना, बेटा," ती म्हणाली. "कॅम्प नंबर चार!"